मॉनिटर घेताय? आधी तास मोजा

दिवाळी तोंडावर आली की कॉलेजच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो. ‘भाई, पंधरा हजारांत कोणता मॉनिटर घेऊ? गेमिंग, स्टडी, मूव्हीज, सगळं करायचंय.’ अर्ध्या तासात खाली रिप्लायची रांग. एक म्हणतो १८० हर्ट्झच्या खाली बघूच नको. दुसरा म्हणतो २७ इंची कर्व्ह घे, सेटअप भारी दिसतो. तिसरा कुठल्या तरी यूट्यूबरची लिंक चिकटवतो आणि चौथा ‘घरचा टीव्हीच लाव ना’ म्हणून हसण्याचे इमोजी टाकून निघून जातो. विचारणाऱ्याला एक प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. बाबा रे, त्या मॉनिटरसमोर तू रोज किती तास बसणार आहेस आणि त्यातले किती तास नेमकं काय बघणार आहेस?

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्यातले बरेच जण पहिला मॉनिटर गेमसाठी म्हणून निवडतात आणि पुढची पाच-सहा वर्षं त्यावर मुख्यतः अक्षरं वाचतात. नोट्स, पीडीएफ, एक्सेल, कोड, फॉर्म, निकाल. मग निवड अक्षरांसाठी का करू नये? गेम त्यावर चालेलच. उलट केलं की चालत नाही, आणि ते का, हेच मला सांगायचंय.

कर्जत-खालापूरकडच्या आपल्यासारख्यांच्या दिवसाचा हिशोब थोडा वेगळा आहे. कर्जतहून सीएसएमटी शंभर किलोमीटर. लोकलला एका बाजूला दोन तासांच्या आसपास धरा. खोपोलीवाल्यांना तर आधी लौजी, डोळवली, केळवली, पळसदरी करत कर्जत गाठायचं आणि मग तिथून पुढचे दोन तास. म्हणजे मुंबईच्या कॉलेजात जाणाऱ्याचे दिवसातले चार तास रुळांवर जातात, आणि त्या चार तासांत गेम, रील, वेब सिरीज सगळं मोबाइलवर उरकलेलं असतं. रात्री घरी पोचल्यावर जेवून टेबलाशी बसता तेव्हा हातात दोन-अडीच तास उरतात. त्यात काय करता? खरं सांगा. उद्याची असाइनमेंट.

मॉनिटरवर पैसे घालण्याआधी एक आठवडा वहीत लिहून काढा. आज किती वेळ गेम, किती वेळ वाचन-लेखन, किती वेळ सिनेमा. आणि फक्त स्वतःचं नाही. आपल्याकडे मॉनिटर एकाचा नसतो. तुम्ही कॉलेजला गेल्यावर धाकटी बहीण त्यावर क्लासचे व्हिडिओ बघते, दादा एमपीएससीचं वाचतो, बाबांना वीजबिल आणि सातबारा बघायचा असतो, आईला भिशीचा हिशोब. घरच्या सगळ्यांच्या वहीची बेरीज करा. तुमचे पाऊण तास त्यात कुठे बसतात ते दिसेल.

आता त्या प्रसिद्ध हर्ट्झकडे येऊ. रिफ्रेश रेट म्हणजे स्क्रीनवरचं चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं. ६० हर्ट्झला एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंद टिकतं. १०० हर्ट्झला १०, १४४ ला सुमारे ६.९ आणि १८० ला सुमारे ५.६. हे आकडे एकदा शांतपणे बघा. ६० वरून १०० वर गेलात की पावणेसात मिलिसेकंद वाचतात. १०० वरून १८० वर, म्हणजे त्याहून कितीतरी मोठी उडी मारलीत, की साडेचारच्या आत. आणि १४४ चा सोडून १८० चा घेतलात तर दीडही नाही. पहिली पायरी डोळ्याला लगेच कळते. माउसचा बाण गुळगुळीत फिरतो, पान सरकवताना अक्षरं तुटत नाहीत. पुढच्या पायऱ्या चढताना पैसे तेवढेच लागतात, फरक कमी होत जातो. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत आहे म्हणून आपण खूश असतो, पण घरच्या वायफायवर पिंग कधी ३०, कधी ७० होत असेल तर मॉनिटरमधला दीड मिलिसेकंद कुठे शोधणार? तेच पैसे राऊटरपासून टेबलापर्यंत चांगली लॅन केबल ओढायला घाला.

दुसरी गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. मॉनिटर चित्र तयार करत नाही, तो फक्त दाखवतो. तुमच्या लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल आणि गेम ४० फ्रेमवर रखडत असेल, तर समोर १८० हर्ट्झचा मॉनिटर ठेवा की साधा ठेवा, फ्रेम चाळीसच येणार. त्यातून आणखी गंमत अशी की बरेच जण १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणतात आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तो ६० वरच राहिलेला असतो. महिनोन्‌महिने. आणि ‘काय स्मूथ आहे ना’ म्हणत खेळतात! तुमच्याकडे आधीच घेतलेला असेल तर हे पान बाजूला ठेवा आणि ते सेटिंग बघून या.

मी गेमच्या विरोधात नाही. जो स्पर्धेत उतरतो, टीम बांधून रोज तीन-तीन तास सराव करतो, ज्याच्या पीसीमध्ये खरोखर दीडशे-दोनशे फ्रेम काढणारं कार्ड आहे, त्याने १६५ किंवा १८० हर्ट्झ बिनधास्त घ्यावा. त्याच्या वहीत तेवढे तास लिहिलेले आहेत. माझा सवाल बाकीच्यांना आहे, ज्यांचा गेम बीजीएमआय आहे आणि तोही फोनवर.

गेमिंगच्या खोक्यावर आणखी काय काय छापलेलं असतं तेही सांगते. ‘१ एमएस’ असतंच असतं. त्यातलं ‘एमपीआरटी’ असं बारीक अक्षर शोधा. हा वेग बऱ्याचदा मागचा प्रकाश भराभर चालू-बंद करून मिळवतात. तसं केल्यावर स्क्रीन अंधुक होते आणि काहींच्या डोळ्यांना ते झेपत नाही. ‘एचडीआर’ असतंच. स्वस्त मॉनिटरमध्ये याचा अर्थ बहुतेकदा एवढाच, की एचडीआरचा सिग्नल आला तर तो नाकारत नाही. दाखवायला लागणारा उजेड त्याच्यात असतो असं नाही. म्हणून २५०-३०० निट्सच्या मॉनिटरवर एचडीआर चालू केलं की चित्र उलट फिकट, मळकट दिसतं. कर्व्हबद्दल माझं मत विचाराल तर ३४ इंची रुंद मॉनिटरला तो शोभतो. २४ इंचांत तो फक्त फोटोत दिसतो.

आता अक्षरांकडे. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण इंग्रजी व्हिडिओ बघून मॉनिटर निवडणाऱ्या आपल्याला हे कुणी सांगत नाही.

देवनागरी वाचायला इंग्रजीपेक्षा जास्त पिक्सेल लागतात. इंग्रजीचा ‘ओ’ म्हणजे एक गोल. आपल्याकडे एका अक्षराला वर मात्रा, त्यावर अनुस्वार, डोक्यावर रफार, खाली उकार, आणि मधे जोडाक्षर. ‘सर्वांत’ हा साधा शब्द बघा. रफार, काना आणि अनुस्वार एकाच जागी दाटीवाटीने उभे. ‘द्य’ आणि ‘द्ध’, ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातला फरक एखाद्या बारक्या रेघेवर असतो. ती रेघ काढायला स्क्रीनकडे पुरेसे ठिपके नसले की मेंदू अंदाजाने वाचतो आणि तासाभरात कपाळ ठणकायला लागतं. आपण म्हणतो, अभ्यासाचा कंटाळा आला. कंटाळा आलाही असेल, पण स्क्रीनचाही त्यात हात असतो.

हे ठिपके मोजायची सोपी रीत आहे, एका इंचात किती पिक्सेल बसतात ते बघायचं. फुल एचडी, म्हणजे १९२० बाय १०८० चा मॉनिटर २४ इंची असेल तर इंचाला सुमारे ९२. तोच २७ इंची घेतला तर सुमारे ८२. पिक्सेल तेवढेच, फक्त ताणून मोठे केलेले. म्हणजे जादा पैसे देऊन तुम्ही अक्षर जाडंभरडं करून घेतलंत. २७ इंच हवाच असेल तर २५६० बाय १४४० चा घ्या, ज्याला दुकानात ‘क्यूएचडी’ किंवा ‘टू-के’ म्हणतात. त्याचे १०९ होतात. २१.५ इंची फुल एचडी, ज्याला सगळे छोटा म्हणून नाकं मुरडतात, त्याचे १०२ आहेत. छोट्या टेबलावर मराठी पीडीएफ वाचायला तो २७ इंची फुल एचडीपेक्षा चांगला. दुकानात शेजारी शेजारी लावून, एकच पान उघडून बघा. माझ्यावर विश्वास ठेवू नका.

यासाठीच दुकानात जाताना मोबाइलमध्ये किंवा पेनड्राइव्हवर एक मराठी पीडीएफ घेऊन जा. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या साइटवर पीडीएफमध्ये फुकट मिळतात आणि एमपीएससी करणारा प्रत्येक जण ती कधी ना कधी वाचतोच. त्यातलं एखादं पान उघडायला सांगा. दुकानदार समुद्राचे, पोपटांचे आणि फुलांचे व्हिडिओ लावतो. त्यावर सगळेच मॉनिटर छान दिसतात. पोपट बघायला कोण घेतंय?

आता त्या चौथ्याचा टीव्ही. घरात ३२ इंची टीव्ही आहेच, एचडीएमआयची वायर लावली की झालं, वेगळा खर्च कशाला, असं आई म्हणते आणि तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. सिनेमा बघायला, प्रेझेंटेशनची तालीम करायला टीव्ही उत्तम. पण ३२ इंचांतले कितीतरी टीव्ही ‘एचडी रेडी’ असतात, १३६६ बाय ७६८. इंचाला ४९ पिक्सेल. समोर दोन फुटांवर बसून त्यावर रफार शोधायचा म्हणजे तांदळातले खडे निवडण्यासारखं. शिवाय रात्री नऊला त्या टीव्हीवर मालिका असते. आईला हे असं समजावा. पिक्सेल नाही कळले तरी मालिका नक्की कळेल.

बसण्याची रीतही याच खात्यात येते. टेबल-खुर्ची आपल्याकडे बऱ्याचदा जुळवून घेतलेली असते. जेवणाचं टेबल किंवा शिलाई मशीनचा पाट. स्वस्त मॉनिटरचं स्टँड फक्त पुढे-मागे कलतं, वर-खाली होत नाही. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आली पाहिजे. उंची बदलणारं स्टँड मिळालं तर त्यासाठी हजार-पाचशे जास्त द्यायला मी तयार असते. नसेल तर खाली जुन्या डायजेस्टचा गठ्ठा. खिडकी पाठीमागे नको, समोरही नको, बाजूला असू दे. रात्री ट्यूबलाइट बंद करून अंधारात बसणं टाळा, आणि ब्राइटनेस खोलीतल्या उजेडाइतका ठेवा. शेजारी एक कोरा कागद धरला आणि स्क्रीन त्याहून झगझगीत वाटली तर कमी करा. ‘आय केअर’चा स्टिकर यातलं काहीच तुमच्यासाठी करत नाही.

फिरवून उभा करता येणारा मॉनिटर मिळाला तर तो मी आनंदाने घेईन. उभ्या स्क्रीनवर ए-फोरचं पूर्ण पान एका नजरेत येतं. बातमी लिहिताना, जर्नल तपासताना, कोड वाचताना सारखं स्क्रोल करावं लागत नाही. पत्रकारितेच्या विद्यार्थ्याला याची चैन वाटते. वकिलीच्या विद्यार्थ्यालाही वाटेल.

सिनेमाचं थोडक्यात. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमने चित्रित होतात, तिथे १८० हर्ट्झ काही वाढवत नाही. तिथे काळा किती काळा दिसतो हे महत्त्वाचं. आयपीएस पॅनेल बाजूने बघितलं तरी रंग बदलत नाही, चौघांनी मिळून बघायला बरं. पण अंधाऱ्या दृश्यात काळ्याचा करडा होतो. व्हीए पॅनेलचा काळा गडद. मात्र स्वस्त व्हीएवर अंधारात वेगाने काही हललं की मागे सावली ओढली जाते, आणि काळ्या पानावर पांढरी अक्षरं स्क्रोल करतानाही तेच. ओलेड सगळ्यांत देखणं, पण एकच टास्कबार तासन्‌तास तिथेच राहिला तर त्याचा ठसा उमटायची भीती असते, आणि किंमत ऐकून घरचे विषयच बदलतील.

रंगांची गोष्ट मात्र आपल्या भागात चैनीची नाही, पोटाची आहे. नितीन देसाईंनी २००५ साली उभा केलेला एन. डी. स्टुडिओ आपल्याच पट्ट्यातला. फार्महाऊसवरची लग्नं, प्री-वेडिंग शूट, रिसॉर्टच्या जाहिराती, पावसाळी धबधब्यांचे रील. कर्जत, नेरळ, खोपोलीतली कितीतरी पोरं शिकता शिकता एडिटिंग करून चार पैसे कमावतात. आणि यातले अनेक जण ते ज्या स्वस्त लॅपटॉपवर करतात त्याची स्क्रीन ‘४५ टक्के एनटीएससी’ असते. म्हणजे जे रंग दाखवायला हवेत त्यातले बरेच तिला दाखवताच येत नाहीत. हळदीचा पिवळा फिका दिसतो म्हणून एडिटर तो वाढवतो, आणि नवरीच्या मोबाइलवर सगळं वऱ्हाड कावीळ झाल्यासारखं दिसतं. पेमेंट अडकतं ते इथे. असं काम करणाऱ्याने हर्ट्झ, कर्व्ह, एचडीआर सगळं सोडावं आणि खोक्यावर ‘९९ टक्के एसआरजीबी’ शोधावं. आयपीएसमध्ये हे आता परवडणाऱ्या किमतीतही मिळतं. माझ्या मते एडिटिंग करणाऱ्या मुलाच्या घरी मॉनिटरचा खर्च हा धंद्यातला खर्च आहे आणि घरच्यांसमोर तो तसाच मांडावा.

आता लाइट. खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ साली. घाटावरचं पाणी आपल्या डोंगरांवरून खाली आलं आणि त्याची वीज मुंबईला गेली, गिरण्या त्यावर फिरल्या. शंभर वर्षं झाली याला. आणि तरी जूनचा पहिला वारा सुटला की गावाकडे आधी काय जातं ते तुम्हाला माहितीये. मुंबईतला रिव्ह्यूवाला हे कधी सांगणार नाही, पण आपल्याला मॉनिटर निवडताना हे धरावंच लागतं.

२४ इंची साधा एलईडी मॉनिटर साधारण २० ते ३० वॅट घेतो, एका जुन्या ट्यूबलाइटपेक्षाही कमी. लॅपटॉप आणि तो मिळून घरच्या इन्व्हर्टरला जाणवतही नाहीत. गेमिंग डेस्कटॉपचं तसं नाही. बाजारात मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंत झेपवतो, आणि ग्राफिक्स कार्ड जोरात असताना तो गेम सेव्ह करण्यापुरताच टिकतो. म्हणून ज्यांच्याकडे वारंवार लाइट जाते त्यांना मी लॅपटॉप अधिक मॉनिटर हीच जोडी सुचवेन. लाइट गेली तर मॉनिटर काळा होतो, उघडलेल्या खिडक्या आपोआप लॅपटॉपवर येतात, काम चालू राहतं. राऊटरलाही छोटा बॅकअप लावा, नाहीतर ऑनलाइन परीक्षेत स्क्रीन चालू आणि नेट बंद. आणि वळवाच्या पावसात गडगडाट सुरू झाला की नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढा आणि राऊटरकडून येणारी लॅन केबलही काढा. झटका कुठल्याही तारेतून येतो.

खरेदीआधी लॅपटॉपची भोकं तपासा. हसू नका. जुन्या एचडीएमआय १.४ पोर्टवरून ४के मॉनिटरला सेकंदाला ३० च फ्रेम मिळतात, माउससुद्धा अडखळतो. टाइप-सी भोक आहे म्हणून त्यातून चित्र बाहेर येईलच असं नाही. बऱ्याच स्वस्त लॅपटॉप आणि फोनमध्ये ते फक्त चार्जिंग आणि डेटासाठी असतं. ‘मोबाइलला मॉनिटर जोडीन आणि लॅपटॉप घेणारच नाही’ असा बेत असेल तर आधी आपला फोन ते करतो का हे मॉडेल नंबर टाकून बघा. काही महागडे फोनच करतात.

घ्यायचा कुठून? लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, अजूनही मजेशीर जागा आहे. भाव होतो, चार मॉनिटर शेजारी बघता येतात. पण २४ इंची खोकं घेऊन संध्याकाळी सहाची कर्जत पकडायचा विचारही करू नका. दुपारी परत फिरा, खोकं उभंच धरा, आडवं करून वर कुणाची बॅग पडू देऊ नका. ऑनलाइन स्वस्त मिळतो हे खरं. तिथे दोन गोष्टी विचारा. तुमच्या पिनकोडला घरी येऊन दुरुस्ती करणारी वॉरंटी लागू आहे का, आणि किती पिक्सेल मेले तर बदलून देतात. एक-दोन मेलेल्या पिक्सेलला बऱ्याच कंपन्या दोष मानतच नाहीत. तालुक्याच्या दुकानदाराकडे पाचशे-हजार जास्त जातील, पण बिघडला तर तोच मॉनिटर मोटरसायलवर टाकून सर्व्हिस सेंटरला नेतो. त्या पाचशेत त्याचं पेट्रोल धरलेलं असतं.

आणि माझा लाडका पर्याय, जो ग्रुपवर कुणी सुचवत नाही: ऑफिसांतून निघालेले जुने मॉनिटर. मुंबई-ठाण्याच्या कंपन्या काही वर्षांनी सेटच्या सेट बदलतात. त्यातले २२-२४ इंची आयपीएस, उंची बदलणाऱ्या दणकट स्टँडचे मॉनिटर नव्याच्या अर्ध्या किमतीतही मिळून जातात. दिसायला काळे ठोकळे, फोटोत शून्य स्टाइल. पण अक्षर स्वच्छ. घेताना पांढरं, काळं, लाल, हिरवं, निळं असं एकेक चित्र पूर्ण स्क्रीनवर लावून मेलेले पिक्सेल आणि कडेचा पिवळेपणा बघा, एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट आहे याची खात्री करा, आणि दुकानातच पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा.

मग त्या पंधरा हजारवाल्याला मी काय सांगेन? २४ इंची, फुल एचडी, आयपीएस, १०० हर्ट्झच्या आसपास, उंची बदलणारं स्टँड. हे साधारण आठ-दहा हजारांत बसतं. उरलेल्या पैशांत यूपीएस किंवा राऊटरचा बॅकअप, आणि एक बरी खुर्ची. व्हॅलोरंट त्यावर उत्तम चालतं. बजेट वीसच्या पुढे सरकत असेल तरच २७ इंची क्यूएचडी. मधलं काही नको, विशेषतः २७ इंची फुल एचडी नकोच नको, कितीही लाल दिवे लावलेले असले तरी.

एक गोष्ट कॉलेजांनाही सांगायची आहे. वरचं सगळं ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे त्यांच्यासाठी झालं. कर्जतच्या वाड्या-पाड्यांतून येणारी, घरात एकच फोन असलेली मुलंमुली आपल्या वर्गात आहेत. पन्नास पानांचा प्रोजेक्ट ती अंगठ्याने टाइप करतात आणि मार्जिन चुकलं म्हणून त्यांचे मार्क कापले जातात. कॉलेजच्या लॅबमधल्या स्क्रीन मात्र दुपारी लेक्चर संपलं की कुलपात. शेवटच्या बसपर्यंत ती लॅब उघडी ठेवायला एक शिपाई आणि एक रजिस्टर पुरेल. विद्यार्थी प्रतिनिधींनी फेस्टच्या बजेटआधी हे मागावं. आणि तुमच्या घरी मॉनिटर आला असेल तर परीक्षेच्या आठवड्यात शेजारच्या टेबलावर एखाद्या मित्राला किंवा मैत्रिणीला बोलवा. एका स्क्रीनवर दोन खिडक्या सहज मावतात.

मॉनिटर घरी आला की पहिल्याच दिवशी सगळे रंग लावून तपासा, परत करायची मुदत कॅलेंडरवर लिहा आणि बिलाचा फोटो काढून ठेवा. खोकं आणि आतलं थर्माकोल मुदत संपेपर्यंत माळ्यावर ठेवा. आणि आईला आधीच सांगून ठेवा, रद्दीवाला आला तर ते द्यायचं नाही.